दुखण्यासकट

आळीतल्या शिंप्याला लोक समोर 'मास्तर' म्हणत आणि पाठीमागे 'आईगं'. नाव उगाच पडलं नव्हतं. उंबऱ्याला करंगळी आपटली तर बाकीचे लोक दातओठ खाऊन पुढे जातात. मास्तर तिथंच बसकण मारत आणि "आई गं" म्हणून असा टाहो फोडत, की समोरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून धावत येई. दिवसभर सुईशी खेळणारा हा माणूस दवाखान्यातली सुई बघून पांढराफटक पडायचा. "हातात असते ती सुई माझी," ते म्हणत, "दंडात घुसते ती दुसऱ्याची."

त्यांचा साडू बस चालवायचा. आवाज भरदार, मान जाड, भीती म्हणून कशाची नाही. दर रविवारी तो मास्तरांच्या दुकानात येऊन स्टुलावर बसे आणि मास्तरांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्याला नावं ठेवी. ही कॉलर आहे की गाढवाचा कान, हा खिसा कुठल्या बाजूनं उघडतो, वगैरे. मास्तर त्याला म्हणत, "तू तुझी बस सरळ उभी करायला शीक." असं वीस वर्षं चाललं होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांचं एकमेकींशी एवढं बोलणं होत नसे.

साडूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा सगळ्यांनी साडूच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. बघायची गरज नव्हती. तो आधीच उभा होता. धाकट्याचा जन्मच मुळी दुसऱ्यासाठी झिजायला झाला होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला सर्वांत चांगली ठाऊक होती. लग्नघरी तो शेवटच्या पंगतीला बसे, प्रवासात उभा राही आणि दोन्ही वेळा ते सांगत असे. "घ्या माझी," तो डॉक्टरांना म्हणाला. "दोन्ही घेतल्यात तरी चालतील."

डॉक्टरांनी तपासलं आणि एकही घेतली नाही. रक्तात साखर निघाली. धाकटा खचला. भावासाठी काहीतरी सोसायलाच हवं म्हणून त्यानं चहा सोडला. त्याला दिवसातून सहा कप लागत. दुसऱ्या दिवसापासून त्याचं डोकं असं उठलं, की डायलिसिसच्या खाटेवर पडलेला साडू त्याच्या कपाळाला बाम चोळताना नर्सनं पाहिला.

साडूच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. मास्तरांचा जुळला.

हे कळलं तेव्हा सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसतं रक्त दिलं होतं, त्यात दोनदा चक्कर येऊन पडले होते आणि दंडाला अजून रुमाल बांधून बसले होते.

"भावजी, तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही," मेव्हणी म्हणाली. साडूची बायको ती, मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण.

"जबरदस्ती नको," मास्तर म्हणाले. "पोट किती कापतात तेवढं विचारा."

मग त्यांनी होकार दिला आणि आठवडाभर कुणाला झोपू दिलं नाही. भूल पुरली नाही तर? मध्येच जाग आली तर? गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते थांबत आणि त्याच्या कमरेवर बोट ठेवून विचारत, "इथं कापलं तर किती दुखेल हो?" दोन गिऱ्हाइकं तुटली.

साडू रक्ताचा नातेवाईक नव्हे, म्हणून इस्पितळाच्या समितीपुढे जावं लागलं. लांब टेबलामागे तिघं बसले होते. एक डॉक्टर, एक वकीलबाई आणि एक गृहस्थ, जे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. वकीलबाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करताय ना?"

मास्तरांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचतही नाही.

"इच्छा?" ते म्हणाले. "छे हो. मला अजिबात इच्छा नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. समितीनं परवानगी नाकारली.

घरी जे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, "अहो, 'हो' म्हणायला काय झालं होतं?" मेव्हणी साडूचा डबा भरत राहिली, ते जास्त लागलं. धाकटा मात्र बोलला. डोक्याला फडकं घट्ट बांधून, डोळे बारीक करून तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. पण प्रेम म्हणजे सोसायची तयारी. माझी तयारी आहे, पण माझी किडनी चालत नाही. तुमची किडनी चालते, पण तयारी नाही. नशीब म्हणायचं."

मास्तरांना राग आला नाही. त्यांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच अन्न गोड लागेना. आपलं साडूवर प्रेम आहे की नाही याचा त्यांनी आजवर कधी विचारच केला नव्हता. तो त्यांना साडू म्हणून मिळाला होता, जशी माणसाला उंची मिळते.

ते साडूला भेटायला गेले. साडूचा चेहरा सुजला होता, आवाज बसला होता.

"मला तुझी नकोच," साडू म्हणाला. "धाकट्याची घेतली असती तर जन्मभर त्याचे उपकार ऐकावे लागले असते. तुझी घेतली तर जन्मभर तुझं कण्हणं."

"कण्हणार तर आहेच मी."

"लेका, तू फोड फुटला तरी रडतोस. कशाला या भानगडीत पडतोस?" साडूनं भिंतीकडे तोंड वळवलं. मास्तरांनी दोनदा खोकून कॉलर सारखी केली. साडूनं त्यांच्या अंगातल्या सदऱ्याला नावं ठेवली नाहीत. सदरा मुद्दाम वाईट शिवलेला घालून आले होते ते.

तिथूनच ते समितीच्या खोलीकडे गेले आणि दाराबाहेर बसले. शेवटी वकीलबाईंनी त्यांना आत घेतलं.

"आता काय बदललं?"

"काही नाही. भीती तेवढीच आहे."

"मग?"

"तुम्ही दोन प्रश्न एकात शिवलेत, बाई," मास्तर म्हणाले. "मला दुखणं सोसायचं नाही. कुणासाठीच नाही. न दुखता काढता आली असती, तर पहिल्याच दिवशी डब्यात घालून आणून दिली असती. पण तशी निघत नाही म्हणतात. मग दुखण्यासकट न्या. दुखणं मला आवडायलाच हवं, असं कुठे लिहिलंय का?"

जे कोण ते कळलं नव्हतं, ते गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. "पण का देताय? तुमचा तो कोण?"

"साडू."

"ते कळलं."

मास्तर पुन्हा विचारात पडले. "तो दुकानात येऊन बसतो. सध्या येत नाही. सगळे म्हणतात कपडे छान झालेत. मला करमत नाही."

"म्हणजे स्वतःसाठीच देताय," डॉक्टर म्हणाले.

"तसं म्हणा," मास्तर म्हणाले. "पण लवकर म्हणा. मला पुन्हा इतका धीर यायचा नाही."

परवानगी मिळाली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी सुई टोचायला तीन नर्स लागल्या. एकीनं हात धरला, दुसरीनं पाय, तिसरीनं टोचलं. मास्तरांचा टाहो खालच्या मजल्यावर औषधाच्या रांगेतल्या लोकांनी ऐकला. त्यातली दोन माणसं रांग सोडून घरी गेली.

शुद्धीवर आले तेव्हा दुखत होतं. त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त. मधल्या पातळ भिंतीपलीकडे साडूची खोली होती. बायको कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ओरडू नका. त्यांना ऐकू जातं. आपल्यामुळे होतंय म्हणून मनाला लावून घेतील." मास्तरांनी उशीचं टोक तोंडात धरलं आणि दुपारपर्यंत हूं की चूं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी नर्स धावत आली. "तुमचे साडू खाटेवरून उतरायला निघालेत. म्हणतात, 'तो ओरडत नाही म्हणजे गेला. मला खरं सांगा.'"

मास्तरांनी उशी बाजूला केली आणि मोकळ्या गळ्यानं ओरडले. पलीकडून साडू नर्सला म्हणताना ऐकू आला, "आहे. झोपवा मला."

किडनी रुजली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, छान काम करतेय. धाकट्याला हे कळलं तसा तो खाली जाऊन लागोपाठ दोन कप चहा प्यायला, बिनसाखरेचा, आणि मग जिन्यावर बसून हमसाहमशी रडला. मास्तरांच्या बायकोनं त्याला तिसरा आणून दिला.

पुढच्या आठवड्यात दोघं साडू इस्पितळाच्या व्हरांड्यात चालायला निघाले. साडूच्या तोंडावर मास्क होता. मास्तर कठड्याला धरून दर चार पावलांवर थांबत होते आणि कुठे, कसं, किती दुखतं ते सविस्तर सांगत होते. साडूनं सगळं ऐकून घेतलं.

"पस्तावलास का?" त्यानं विचारलं.

"रात्री रोज," मास्तर म्हणाले. "सकाळी नाही."

"पुन्हा वेळ आली तर देशील?"

"आता एकच आहे माझ्याकडे."

साडूनं मान हलवली. हिशेब बरोबर होता. मग त्यानं आपला हात पुढे केला, मास्तरांनी त्यावर भार टाकला, आणि दोघं खिडकीपर्यंत गेले. खाली रस्त्यावर एक बस थांब्यापासून हातभर लांब, तिरकी उभी होती. साडू तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

"नवशिका असेल," मास्तर म्हणाले.

"असेल," साडू म्हणाला. "जमेल त्याला."