बशीरचे तेरा वाटे

३१ मे १९४०, शुक्रवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती, इंजिनघरातल्या दाबाच्या काट्याने नव्वदचा आकडा धरला होता आणि हेडबाबू वामनराव त्या सकाळी तिसऱ्यांदा दाराशी येऊन उभे होते. पहिल्या दोन खेपांना त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बोलणे उरकले होते. या वेळी धोतराचा सोगा उचलून धरत ते तेलकट फरशीवरून थेट इंजिनाच्या कठड्यापर्यंत आले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा कठडा प्रथमच हाताने धरला. कठडा तापलेला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

"उकंडराव, चाळीस मिनिटं राहिली."

"घड्याळ मलेबी दिसते, हेडबाबू."

"मग सही करा की. माझं सोडा. तुमचेही हजार रुपये चाललेत."

"जाऊ द्या," उकंडराव म्हणाले आणि तेलाची झारी घेऊन दुसऱ्या बाजूला गेले.

खामगावच्या त्या कापसाच्या जिन-प्रेसचा हंगाम त्या दिवशी बाराच्या भोंग्याला संपणार होता आणि त्याच भोंग्याबरोबर दोघांची नोकरीही. ऑफिस आणि वजनकाटा सांभाळणारे वामनराव व इंजिन चालवणारे उकंडराव, दोघांनाही त्या वर्षी पंचावन्न पुरी झाली होती. म्हातारपणाची म्हणून जी काही पुंजी होती, ती दोघांचीही कंपनीच्या फंडात होती. पगारातल्या रुपयामागे एक आणा नोकराचा आणि तेवढाच कंपनीचा, असा तो फंड होता. कोणाची इच्छा असल्यास त्याने स्वतःचा हिस्सा दुप्पट करावा, अशी मुभा होती. जमलेल्या पैशांतून मुंबईच्या एका कापडगिरणीचे शेअर घेतले जात, आणि ज्या महिन्याला जो भाव असेल त्या भावाने प्रत्येकाच्या नावावर वाटे चढत. चैत्रात वाट्याचा भाव पंधरा रुपये होता. पुढे विलायतेकडे लढाई पेटत गेली, दर आठवड्याला एखादे राज्य शरण जाऊ लागले, आणि मुंबईचा बाजार विहिरीतल्या पोहऱ्यासारखा खाली गेला. त्या सकाळी दहाच्या तारेने सात रुपये भाव कळवला होता.

निवृत्त होणाऱ्याला त्याच दिवसाच्या तारेप्रमाणे रक्कम द्यावी, हा नियम होता. सहा महिने थांबायचे असेल तर ऑफिसच्या एका पंचाची आणि कामगारांच्या एका पंचाची सही भोंग्याआधी व्हावी लागे, आणि ती सवलत मिळाली तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. ऑफिसच्या पंचाची सही सकाळीच झाली होती. कामगारांचे पंच उकंडराव होते.

"भाव वर येणार आहे, हो," वामनराव मागोमाग जात म्हणाले. "सूत, कापड, सगळं लष्कराला लागणार. दिवाळीपर्यंत थांबलो तर दोघांचंही सोनं होईल. आज घेतलं तर माती."

"बरोबर हाये तुमचं."

"बरोबर आहे ना? मग काऊन..." घाईत त्यांच्या तोंडून वऱ्हाडी शब्द निघाला. एरवी ते ऑफिसात तो येऊ देत नसत. "मग अडलं कुठं?"

"मले बशीरची याद येऊन राह्यली."

वामनरावांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

बशीर इंजिनाचा तेलवाला होता. चौदा वर्षे त्याने उकंडरावांच्या कोपरापाशी उभे राहून काम केले. फिरत्या पट्ट्याखालून हात घालून तो तेल देई, आणि उकंडराव शिव्या देत तेव्हा हसून म्हणे, "उस्ताद, हे हात मशिनीचेच हायेत, मशिन त्यायले काऊन खाईन?" सन एकतीस साली कापूस मातीमोल झाला, मुंबईचे शेअर कोसळले, वाट्याचा भाव दहावरून चारवर आला. तेव्हा वामनरावांनी एका दुपारी सगळ्यांना वजनकाट्याच्या सावलीत बोलावले. फंड बुडतो आहे, असे त्यांनी सांगितले. जो आज बाहेर पडेल त्याला निदान स्वतःच्या हिश्शाचे पैसे रोख मिळतील, उद्याचे आपण सांगू शकत नाही. अठरा माणसांनी अंगठे उठवले. बशीरच्या नावावर सव्वीस वाटे होते, तेरा त्याचे आणि तेरा कंपनीचे. त्याच्या तेरांचे बावन्न रुपये त्याला मिळाले.

उकंडराव त्या दिवशी लोणारला बहिणीकडे हिवतापाने पडून होते. परत आले तेव्हा बशीरने रुमालाची गाठ सोडून त्यांना पैसे दाखवले. "उस्ताद, मी तं वाचलो! तुमी राह्यले जी पान्यात." उकंडराव घाबरून तसेच ऑफिसात गेले. त्यांनाही अंगठा उठवायचा होता. मुदत संपली, असे वामनरावांनी त्यांना सांगितले. म्हणजे उकंडराव फंडात राहिले ते शहाणपणाने नव्हे, तापाने.

बाहेर पडणाऱ्याने सोडलेला कंपनीचा हिस्सा त्याच खात्यात मागे उरलेल्याच्या नावावर चढतो, हे त्यांना पुढच्या पगाराला कळले. इंजिनाच्या खात्यात ते एकटेच उरले होते, म्हणून बशीरचे तेरा वाटे त्यांच्या नावावर आले. ऑफिस आणि काट्याच्या खात्यात वामनराव एकटे उरले होते. त्यांच्या नावावर सतरा जणांचे आले. शिवाय त्याच महिन्यापासून वामनरावांनी आपला आणा दुप्पट केला. बुडत्या फंडात कोणी दुप्पट पैसे टाकीत नाही, एवढे समजायला उकंडरावांना शाळेची गरज नव्हती. त्यांनीही आपला आणा दुप्पट केला, आणि भाव चार असो वा बारा, नऊ वर्षांत एका महिन्याचाही खाडा होऊ दिला नाही.

एवढ्यावर कदाचित सगळे निभावलेही असते. सन चौतीसच्या पावसाळ्यात बशीर खोकून खोकून गेला. कापसाचा धुरळा त्याच्या छातीत बसला होता. फंडात असताना माणूस मेला तर घरच्यांना दोन्ही हिस्से आणि वर सहा महिन्यांचा पगार मिळे. बशीरची बायको नूरजहां हे कुठूनतरी ऐकून ऑफिसात आली. वामनरावांनी तिला वजनकाट्यापाशी बसवून ठेवले, एक दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बाहेर आले आणि गाडीवानांसमोर म्हणाले, "बाई, तुझा नवरा तीन वर्षांपूर्वीच पैसे घेऊन मोकळा झाला. आता काय काट्यावर बसून स्वतःचं वजन करून घेतेस?" गाडीवान हसले. उकंडराव इंजिनघराच्या दारात उभे होते. ते हसणे त्यांनी नीट ऐकून घेतले, जसा ते चालत्या इंजिनातला एखादा वेगळा खडखडाट ऐकत, आणि आत जाऊन कामाला लागले.

"अंगठे त्यांनी स्वतःच्या हाताने उठवले," वामनराव आता हलक्या आवाजात म्हणाले. "भाव चार होता, मी चारच सांगितला. खोटं काय बोललो?"

"काईच नाई."

"मग?"

"मीबी खोटं काई करून नाई राह्यलो. भाव सात हाये, सात घ्या. कायदा तं तुमीच लिवला होता. जो जाईन त्याले त्या दिवशीचा भाव."

बारा वाजायला नऊ मिनिटे होती. वामनराव तेलाच्या पिंपावर बसले. पांढऱ्या धोतराला डाग पडला, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

"उकंडराव, माझी विमल घरी येऊन राहिली आहे. जावयाला दिवाळीपर्यंत तेलघाण्यासाठी पाच हजार द्यायचे मी कबूल केलंय. नाही दिले तर ते तिला नेणार नाहीत. तिनं तुमचं काय वाकडं केलं?"

झारी थांबली. विमल लहान असताना भोंगा बघायचा म्हणून हट्ट करून इंजिनघरात यायची. कानांवर हात ठेवून साखळी ओढायला सांगायची. उकंडरावांनी चिंधीने हात पुसले, एकेक बोट वेगळे पुसले. वामनरावांनी खिशातून टाक आणि घडी केलेला अर्ज काढला.

"तिनं काई नाई केलं," उकंडराव म्हणाले. "नूरजहां भाबीनंबी नोतं केलं."

"मी तिची माफी मागतो. चला, आत्ता जातो."

"भोंगा झाल्यावर जा. मंग जाल तं मी मानीन."

वामनरावांनी अर्ज पुढे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. उकंडराव घड्याळाकडे पाहत होते. घड्याळ एक मिनिट पुढे आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते मिनिटही वामनरावांना दिले. लपवाछपवीचा बोल त्यांना स्वतःवर येऊ द्यायचा नव्हता. मग त्यांनी साखळी ओढली. रोजच्यापेक्षा भोंगा कितीतरी लांब वाजला. बाहेर माणसे हंगाम संपला म्हणून आरोळ्या देत होती, आत वामनरावांचे ओठ हलत होते, आणि त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता. उकंडरावांच्या छातीत नऊ वर्षे आवळून बसलेला एक पेच सैल झाला. आपल्याला एवढे बरे वाटेल, असे त्यांना वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पैसे वाटले गेले. वामनरावांच्या नावावरच्या तीनशे चौसष्ट वाट्यांचे अडीच हजारांवर थोडे मिळाले. चैत्रात तेच साडेपाच हजारांच्या घरात गेले असते. त्यांनी नोटा न मोजताच उचलल्या. ते नूरजहांकडे गेले नाहीत. उकंडरावांचे स्वतःचे एकशे तीस वाटे होते, त्यांचे नऊशे दहा रुपये झाले.

घरी त्यांची बायको रुखमाबाई भाकरी थापत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"त्याचे तीन हजार गेले, आपले हजार गेले. तुमाले आनंद झाला का?"

"झाला."

"किती दिवस पुरन?"

तिने भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "आता आपुन दोघं जन नऊशे रुपयांत जगू, आन् उरला तं आनंद खाऊ," ती म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी ते नूरजहांकडे गेले. बशीरचे तेरा वाटे त्यांनी कधी आपले मानले नव्हते; त्यांचे पैसे वेगळ्या पुरचुंडीत होते. ती दारात बसून रजई टाचत होती. तिने उठून खाट झटकली.

"बसा, मिस्त्रीभाऊ."

"भाबी, हे बशीरचे हायेत. कंपनीचा हिस्सा."

"कंपनीनं देल्ला? आता?"

"हाव. आन् अजून एक सांगाचं हाये." वाटभर ते हे वाक्य जुळवीत आले होते. "त्या हेडबाबूले मी बुडवलं. तीन हजाराले. तुमाले काट्यापाशी बसवलं होतं ना त्यानं, तीन दिवस? त्याले."

नूरजहांने सुई रजईत खोवली आणि थोडा विचार केला.

"कोन होते जी ते? मले तं तवा कोनाचंच तोंड दिसत नोतं, भाऊ. रडूच येऊन राह्यलं होतं."

"वामनराव," उकंडराव म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे पाहत त्यांनी पुन्हा सांगितले, "वामनराव नाव हाये त्याचं."

तिने मान हलवली, दूरच्या एखाद्या गावाचे नाव ऐकावे तशी. मग पुरचुंडीकडे पाहून हळूच विचारले, "शिवायची जुनी मशिन एकशे साठले देतो म्हनते बाजारातला सईद. होईन का यात?"

महिन्याभरापूर्वी झाली असती, आणि त्यांनी न केलेल्या त्या सहीने दिवाळीपर्यंत पुन्हा झाली असती. हे दोन्ही त्यांनी तिला सांगितले, काही न वगळता. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने सुई पुन्हा उचलली आणि उजेड होता तोवरचा टाका पुरा करू लागली.

पैसे तिने मोजले नाहीत. उकंडरावांनीच ते खाटेवर मोजून ठेवले. एक्क्याण्णव रुपये.