डावीकडची दाढ

टणक्. सासऱ्यांची कवळी स्टीलच्या वाटीत पडली आणि तासभर थोपटून झोपवलेलं बाळ टक्क जागं झालं.

"हळूच ठेवली होती गं," सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले.

मी तोंडात ब्रश घेऊन उभी. दुपारी दोन वाजता. दोन लेकरांच्या आईला दात घासायला मुहूर्त लागतो तो असा. त्यातही डावीकडच्या दाढेजवळ मी महिनाभर ब्रश नेलाच नव्हता. घासलं की हिरडीतून रक्त यायचं. म्हटलं, जखम आहे, हिला जरा आराम देऊ. घरात कुणाला तरी मिळू दे.

गेल्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून कपाळाला हात लावला. "अहो, घासत नाही म्हणूनच रक्त येतंय. हिरडीने धरलंय म्हणून दाढ उभी आहे. रोज तिथेही घासा, पण हलक्या हाताने. सूज उतरली तर ठीक, नाहीतर दाढेचं काही खरं नाही."

हे ऐकायला माझी साडेचार वर्षांची लेक मांडीवर होती. तेव्हापासून घरात डॉक्टर तीच.

"ओळीने बसा," मी चूळ भरून बाळाला उचलते तोच ती टॉर्च घेऊन आली. पलंगाच्या काठावर सासरे, मी आणि माझ्या मांडीवर बाळ.

बाळाने टॉर्चच चोखायला घेतला. "गुलाबी. पास."

सासऱ्यांनी आ केला. "माझ्यात बघण्यासारखं काय उरलंय, डॉक्टरीणबाई?"

"बोलू नका, आजोबा. गुलाबी. पास."

"बघ सूनबाई," सासरे म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा पहिल्या फटक्यात सुटलो."

माझी पाळी. लेक नाकाला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. निकाल काही तिच्या हातात नव्हता, तरी मी आ आणखी मोठा केला. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं.

"काल खूप लाल होतं. आज इवलंसं."

"म्हणजे पास ना गं?"

"अजून घासायचं," तिने बजावलं. मग टॉर्च विझवला, एकदा भावाकडे, एकदा आजोबांकडे पाहिलं आणि माझी हनुवटी धरून हळूच विचारलं,

"आई, तुझे सगळे दात पडले तर तू बाळासारखी होशील की आजोबांसारखी?"