आधी माझं दार लावा

मित्रांनो, आधी ते दार लावा. मग बोलू.

हं, आता ठीक. मी एक जुना डीप फ्रीझर आहे. तुमच्या घरातला फ्रीज माझा नातेवाईक, पण तो दूध-भाजी सांभाळतो आणि मी माणसांचं रक्त सांभाळतो. करंगळीएवढ्या नळ्यांत भरलेलं, दगडासारखं गोठलेलं रक्त. पिढीजात आजारांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मी उभा आहे. कारखान्यातून नवा आलो तेव्हा असा चकाकत होतो, की सर माझ्यात बघून भांग पाडायचे.

सर म्हणजे आमचे शास्त्रज्ञ. माणूस सज्जन, पण कामाचा झपाटा असा, की एक शोधनिबंध छापून येईपर्यंत दुसरा लिहून तयार. कुठल्या जनुकात काय बिघाड, त्यावर कोणतं औषध, दुसरा विषय नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की सरांना कल्पना सुचतात त्या नेमक्या माझं दार उघडल्यावर. नळी काढायला येतात, गार वारा तोंडावर येतो आणि स्वारी तिथंच उभी! हात दारावर, नजर छताकडे. इकडे गारवा राखताना माझा जीव मेटाकुटीला येतो. मी भोंगा वाजवायचो, तर सरांनी भोंग्यावरच जाड चिकटपट्टी लावली. "याच्या कटकटीनं विचार तुटतो," म्हणाले. आता बोला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

दार उघडं राहिलं की दमट हवा आत शिरते आणि तिचा बर्फ होतो. माझा खालचा कप्पा तर बर्फानं पार गिळला. नळ्यांची व्यवस्था बघणाऱ्या ताई कुरकुरायच्या, "सर, एकदा सगळं काढून साफ करू या ना." "एवढा निबंध होऊ दे," हे ठरलेलं उत्तर. निबंध संपतात होय कधी? सरांना बक्षिसं मिळाली, भिंतीवर फोटो लागले. त्यांतल्या एकाही फोटोत मी नाही.

मग एका सकाळी एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या. मुलगी चालताना अडखळत होती. तिचा थोरला भाऊ असाच अडखळू लागला होता, आणि त्यातच गेला. कशानं, ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. सरांनी त्याचं रक्त मात्र ठेवून घेतलं होतं.

"त्याच्या रक्तात बिघाड सापडला, तर हिच्यात कुठं बघायचं ते कळेल," सर म्हणाले. "मग औषधही देता येईल. पण उशीर करून चालणार नाही."

"रक्त आहे ना पण अजून?"

"आहे की! जपून ठेवलंय."

जपून! माझ्या खालच्या कप्प्यात! ताईंनी स्क्रूड्रायव्हरनं बर्फ फोडून तो कसाबसा ओढला. नळ्या शाबूत होत्या, तेवढं मी केलं होतं. पण बर्फ धरून त्यांच्यावरची लेबलं सुटली होती आणि तळाशी त्यांचा चुरा झाला होता. नळ्या सगळ्या सारख्या. यातला तो मुलगा कोणता?

सर मटकन स्टुलावर बसले. मला इतका संताप आला म्हणून सांगू! पण सांगणार कसा? भोंग्यावर पट्टी.

"आता ओळखायचं कसं..." सर पुटपुटले.

बाई रडल्या नाहीत, भडकल्या. "कसं म्हणजे? अहो, माझं पोर आहे ते! माझं रक्त घ्या, लावून बघा त्याच्याशी. आईला नाही ओळखणार तो?"

सर ताडकन उठले. पोर निम्मं आईचं असतं, त्यांचं सगळं शास्त्र तिथूनच तर सुरू होतं! त्यांनी एकेक नळी बाईंच्या रक्ताशी ताडून पाहिली आणि त्यांतली एक जुळली. बिघाड सापडला. तोच मुलीतही निघाला, आणि औषध वेळेत सुरू झालं.

परवा ती मुलगी आईच्या पुढं धावत आली आणि थेट माझ्यावर आदळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू ठेवून देणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. आणि सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळावं लागतं. हे मोठ्यांना समजावून मी थकलो, म्हणून तुम्हाला सांगतोय.

कारण परवा, ती मुलगी आली त्याच दिवशी, सर आनंदानं माझ्याजवळ आले, दार उघडलं, गार वारा आला आणि नजर गेली छताकडे. नवा निबंध! मी मनात कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला.

"सर, आत माझा मुलगा आहे. दार लावा."

सरांनी दार लावलं. मग खाली वाकून माझ्या भोंग्यावरची पट्टी नखानं खरवडून काढली.