उपाशीपोटची माती

माह्या तोंडाले अख्खं गांधीबाग भेते म्हणतात. भेऊ द्या, बाप्पा! पण त्या दिवशी माह्याच तोंडून शब्द निघाला नाही. सून आमची, देवकी, पाचवा महिना लागलेली, मागच्या अंगणात भिंतीआड उकिडवी बसून माती खाऊन राहिली होती. भिंतीपलीकडं छापखाना. तिथं छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वितळवायचे अन् झाडलेला कचरा भिंतीवरून आमच्याच बाजूले बुडाशी टाकायचे.

डोहाळ्यात बायका माती खातातच. कोणी भाजकी माती खाते, कोणी पाटीवरची पेन्सिल. मी मनावर घेतलं नसतं. पण वरच्या माडीवर अरुंधती भाड्यानं राहते, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीले आहे. तिनं खिडकीतून पाहिलं अन् धावतच खाली आली.

"इंदुताई, आधी तिला चूळ भरायला लावा! त्या मातीत शिसं असणार. पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं ते."

मग काय, माह्या तोंडाले धार आली. "काहून वं? घरात खायले नाही तुले? माह्या नातवाले जहर चारून राहिली!"

देवकीनं चूळ भरली. पदरानं तोंड पुसून आत गेली अन् पोळ्या लाटू लागली. ते पाहून मी आणखीच भडकली.

अरुंधतीनं भिंतीच्या बुडची माती डबीत भरून नेली. निकाल लागायच्या दिवशी मी म्हटलं, "मी येते सोबत. माह्या डोळ्यानं पाहीन." आदल्या रात्रभर मले झोप नव्हती. पोट्टं कसं निपजन, हाच एक घोर.

प्रयोगशाळेत तिनं दोन बाटल्या मांडल्या. एकीतली माती तिनं कडक तेजाबात उकळली होती. दुसरीतली पोटात असते तेवढ्याच आंबट पाण्यात, अंगाएवढी कोमट ठेवून हलवली होती. दोन्हींचं गाळलेलं पाणी घेऊन तिनं त्यात एक हिरवी दवा टाकली. "लाल झालं की शिसं समजायचं."

पहिली भडक लाल झाली.

"मेली वं माय!" म्हणून मी डोळेच झाकून घेतले.

"अहो, दुसरी तरी बघा."

दुसरी हिरवीच होती. जराशी जांभळी झाक, तेवढीच.

"मातीत शिसं आहे किती, हे पहिली सांगते," अरुंधती म्हणाली. "त्यातलं पोटात सुटेल किती, हे दुसरी. तुमच्या पितळी भांड्याचंच घ्या..."

"ते मले कायले शिकवतेस! बिनकल्हईच्या पितळेत पीठ ठेवलं तं काही होत नाही, ताक ठेवलं की कळकते. भांडं तेच."

"तेच! या मातीनं बरंचसं धरून ठेवलंय. पण थोडं सुटतंच आहे, आणि बाळाला थोडंही नको. आता एक सांगा, ती माती कधी खाते? जेवणाआधी की नंतर?"

"त्यानं काय होते?"

"भरल्या पोटी शिसं कमी भिनतं, उपाशीपोटी कितीतरी जास्त. हे काही बाटली सांगणार नाही. देवकीला विचारा. अन् हळू विचारा हो!"

हळू विचारा म्हणे! रिक्षात बसून मी सारा रस्ता हळू बोलायचीच तालीम केली. घरी आली, देवकीजवळ चुलीपुढं बसली अन् विचारलं.

ती चुलीतलं लाकूड सारत बोलली. "दुपारी, आई. आपल्या दुकानातले सारे बाप्ये जेवून उठेस्तोवर पोटात खड्डा पडते. चक्कर येते. मातीचा वास घेतला की बरं वाटते."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बी तं तेव्हा उपाशीच राहता ना, आई."

माह्या डोळ्याले पाणीच आलं. सासूनं मले बाप्यांच्या मागून जेवू घातलं, मी हिले. यात काही वाकडं आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. राग तं भल्ला आला होता, पण काढावा कोणावर?

थोडा छापखान्यावाल्यावर काढला. भिंतीवरून असं सुनावलं की कचराच काय, बुडची मातीही त्यानं उकरून नेली. धंतोलीच्या डॉक्टरीणबाईनं देवकीले रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाली. ते ऐकून मी बाहेरच्या बाकड्यावर बसून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे दुकानातून जेवायले आले.

"पाट नाही मांडले अजून?"

"मांडला ना. त्यावर सून बसली आहे."

देवकी लाजून उठाले लागली. मी तिचा खांदा दाबला. "बस खाली! पोट भरल्याशिवाय उठशीन तं माह्याशी गाठ आहे."

"अन् आम्ही?" यांनी विचारलं.

"थांबा जरा. तुमचा नातू जेवून राहिला."

 हे टोपी काढून दाराच्या पायरीवर बसले.

देवकीनं डाव्या हातानं बाजूचा पाट ओढला. "आई, तुम्ही बी बसा ना."

मी यांच्याकडं पाहिलं. मग बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी तव्यावरची गरम पोळी खाल्ली.