मामांची राजधानी

माझे सासरे साहेबराव, म्हणजे आमचे मामा, यांनी चौतीस वर्षं औरंगाबादेत पाणी सोडलं. खांद्यावर लांब लोखंडी चावी घ्यायची, सायकल मारत फिरायचं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, अशी त्यांची नोकरी. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय. पत्ता लिहिताना मामा तेच लिहितात, पण बोलताना औरंगाबाद येतं. "आधी खडकी म्हणायचे, मग फतेहनगर झालं, मग औरंगाबाद," ते म्हणतात. "लोक मात्र नळापाशी तसेच भांडत आले असतील."

सासूबाई गेल्या आणि माझा नवरा संघर्ष मामांना मोशीला घेऊन आला. संघर्ष चाकणच्या एका कंपनीत आहे, मी कुरुळीला एका कारखान्यात क्वालिटीत. आम्ही शिफ्टला गेलो की मामा सोसायटीच्या बाकावर जाऊन बसत. तिथं त्यांना दुर्गाबाई भेटल्या.

आमची सोसायटी जिथं उभी आहे, ते दुर्गाबाईंच्या घरचं रान होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या राहतात आणि खिडकीखाली वीतभर जागेत मेथी लावतात. मामांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून, पंप न लावता शहरात कसं आणलं. मोगलांच्या दख्खनची ती राजधानी कशी होती. बादशहा दख्खनमध्येच कसा म्हातारा झाला, आणि पुढं निजामानं राजधानी हैदराबादला कशी नेली.

"आणि इथं काय हाय?" मामा समोरच्या इमारतींकडं हात करून म्हणाले. "कंपन्या आन् पार्किंग. ह्या शहराला काही इतिहासच न्हाई, बाई."

दुर्गाबाईंनी मेथी निवडत विचारलं, "एवढी राजधानी व्हती, तर सोडून हितं कशापायी आलासा?"

मामा उठून वर आले. चार दिवस खाली गेले नाहीत. जेवताना संघर्षनं विचारलं, तर म्हणाले, "गुडघा दुखतोय."

त्याच सुमारास सोसायटीचं पाणी कमी झालं. मीटर तेवढंच फिरायचं, पण जमिनीखालची टाकी अर्धीच भरायची. टँकर सुरू झाले. सोसायटीचे चेअरमन जयदीप यांनी प्लंबर आणला. तो म्हणाला, गेटपासून टाकीपर्यंत सगळी फरशी उखडावी लागेल. हे ऐकून मामा चार दिवसांनी पहिल्यांदा खाली उतरले.

"सगळी कशाला उखडता?" ते म्हणाले. "मीटर अन् टाकीच्या मधात कुठंतरी गळतंय. रविवारी सकाळी गाड्यांचा आवाज नसतो, तवा मी शोधून देतो."

रविवारी सहा वाजता मी त्यांच्याबरोबर गेले. दोन फरश्यांच्या फटीत त्यांनी लोखंडी सळई रोवली, तिच्या वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. मग चार पावलं पुढं. पुन्हा कान. गेटपासून टाकीपर्यंत गेले, परत गेटापाशी आले. जयदीपभाऊ हातात चहाचा कप घेऊन बघत होते. तिसऱ्या फेरीला मामांचा चेहरा उतरला. सळई भिंतीला टेकवून ते कट्ट्यावर बसले.

मला कारण कळलं. घरात टीव्हीचा आवाज किती मोठा असतो हे मला रोज ऐकू येत होतं. मी काही बोलणार, एवढ्यात दुर्गाबाई पदर खोचत आल्या.

"काय झालं, भाऊ?"

मामांनी आधी जयदीपभाऊंकडं बघितलं, मग खाली मान घातली. "कान गेला, बाई. दोन वर्षं झाली. घरी कोणाला बोल्लो न्हाई."

"मग त्यात रडायचं काय? मला दावा. माझं कान शाबूत हायेत."

मामांनी त्यांना सळईला कान कसा लावायचा ते दाखवलं. "आत पाणी नुसतं चाललं असंल तर गुणगुणल्यावानी येतं. गळत असंल तर तव्यावर थेंब पडल्यावानी, चर्र. घाई करू नका. एकेका जागी शंभर मोजा."

दुर्गाबाईंनी शंभर मोजायला सुरुवात केली. गेटाशी काही नाही. वॉचमनच्या खोलीपाशी गुणगुण. मग त्या मध्येच थांबल्या, सोसायटीकडं जुनं रान शोधावं तसं बघितलं आणि सरळ टाकीच्या अलीकडं मोटारसायकली लावतात तिकडं निघाल्या.

"तिकडं का?" मामांनी विचारलं.

"हितं आमची हीर व्हती. बिल्डरनं बुजवली. भरावाची जमीन हाय, दरसाल खचती. नळ मोडायचाच म्हनला तर हितंच मोडंल." त्यांनी सळई रोवली, कान लावला. ओठ हलत होते. तीसपर्यंत गेल्या असतील, तोंडावर हसू पसरलं. "चर्र करतंय, भाऊ! लई चर्र करतंय!"

तीन फरश्या काढल्या, कमरेएवढं खणलं. नळाचा सांधा सुटला होता आणि खाली चिखलाचं डबकं झालं होतं. प्लंबर मामांकडं बघून म्हणाला, "काका, मानलं." मामा म्हणाले, "मला न्हाई, बाईंना. विहीर माझ्या नकाशात नव्हती."

दुपारी आम्ही दुर्गाबाईंकडं पिठलं-भाकरी जेवलो. हात धुतल्यावर मामा आपणहून बोलले.

"तुम्ही इचारलं होतं, का आला. माझी कस्तुरा गेल्यावर मी घरी आलो की कुलूप असायचं. चौतीस वर्षांत मी स्वतः कधी कुलूप काढलं नव्हतं. महिनाभर काढलं. मग पोराला फोन केला."

दुर्गाबाईंनी ताटं बाजूला सारली. "माझं त्वांड लई वाईट हाय," त्या म्हणाल्या. "मला न्याल का तुमच्या गावाला?"

डिसेंबरात आम्ही गेलो. संघर्षनं गाडी चालवली. मामांनी आम्हाला पाणचक्की दाखवली, भडकल दरवाजा दाखवला, नागसेनवनात कॉलेजच्या झाडांखाली उभं केलं आणि सांगितलं, की बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं म्हणून त्यांचा थोरला भाऊ शिकला. पण त्यांचा खरा ओढा गल्ल्यांकडं होता. कुठला व्हॉल्व्ह कुठं, कुठल्या वळणावर सायकल घसरली, कुठल्या घरी उन्हाळ्यात सरबत मिळायचं. एका अरुंद गल्लीत हिरव्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. तिनं चष्मा पुसला आणि मामांकडं निरखून बघितलं.

"अरे, पानीवाले साहेबराव!" ती ओरडली. "जिंदा है क्या तू? पाऊण घंटा पानी देने का, और आधे घंटे में बंद करता था! मेरी आधी टाकी कोरडी!"

"खाला, तुमची गल्ली चढावर हाय," मामा हसत म्हणाले. "मी काय करू? मलिक अंबरला बोला."

"उसको भी बोलूंगी," ती म्हणाली आणि आम्हाला चौघांना घरात ओढून घेतलं. दुर्गाबाईंना हिंदी धड येत नाही, तिला मोशीची मराठी कळत नव्हती. तरी दहा मिनिटांत दोघी चहाची बशी हातात घेऊन मामांच्या तक्रारी एकमेकींना सांगत होत्या, आणि मामा मध्ये बसून दोघींची बाजू खरी आहे म्हणून मान डोलवत होते.

संध्याकाळी निघताना ते म्हणाले, "मिनल, तुम्ही व्हा पुढं. मी दोन दिवस राहतो. खालाच्या पोराकडं नळाचं जरा बघायचंय."

गुरुवारी मी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला गेले. बसमधून उतरले, तेव्हा त्यांच्या कानात यंत्र होतं.

"किती आवाज हाय गं तुमच्या ह्या शहराला," ते म्हणाले, आणि पिशवी माझ्याकडं देऊन रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायला लागले.