पाकिटाच्या डिस्कमधला आवाज

डॉक्टरांनी एवेलियोच्या घशातली गाठ काढली, तेव्हा गाठीबरोबर त्याचा आवाजही गेला. तेव्हापासून माझा नवरा पाटीवर लिहून बोलतो. अंधारात पाटी दिसत नाही, आणि आमच्या सिएन्फुएगोस शहरात वीज सारखी जाते. वीज गेली की आमच्या घरातलं बोलणं बंद.

हाच माणूस एके काळी लग्नाबिग्नात उभ्या उभ्या दहा ओळींचं गाणं रचून गायचा. समोरच्या गायकाची अशी टोपी उडवायचा, की त्या गायकाची स्वतःची बायकोसुद्धा हसायची. आमच्या मुलीने, दानाइसीने, ती गाणी लॅपटॉपमध्ये साठवून ठेवली होती. एका गाण्यात तो मध्येच थांबून मला म्हणतो, "नेरेइदा, कॉफीत साखर घाल गं. तुझ्या तोंडाकडे बघून गोड लागायचे दिवस गेले." मी रोज संध्याकाळी ते लावायचे. एवेलियो तेवढा वेळ परसात आंब्याखाली जाऊन बसायचा. मी म्हणायचे, याला डासांची हौस दिसतेय.

लॅपटॉपचं वय झालं होतं. तो सुरू होईपर्यंत काळा घेवडा शिजून व्हायचा. त्यात आतून कटकट ऐकू यायला लागली आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. दानाइसी परदेशात, टॅम्पाला असते. इकडे येणाऱ्या एका बाईच्या बॅगेतून, पायमोज्यात गुंडाळून, तिने नवी डिस्क आणि मेमरीची पट्टी पाठवली. फोनवर बजावलं, "आई, आधी पप्पांचा आवाज काढून घ्या, मगच डिस्क बदला. माझ्याकडे त्यातलं एकही गाणं नाही."

शेजारचा विल्फ्रेदो ही कामं करतो. त्याने झाकण काढलं आणि म्हणाला, "मावशी, आत एखादी मांजर राहून गेली का? किती केस हे."

"गाणी गेली तर तुला या घरात कॉफी मिळायची नाही."

"तुमच्या कॉफीत निम्मा तर भाजलेला वाटाणा. धमकी तरी बरी द्या."

त्याने डिस्कला कान लावला आणि हसायचा थांबला. ही कधीही डोळे मिटेल, म्हणाला. सगळीच्या सगळी नवीवर उतरवायला गेलो तर अर्ध्यात मरेल. आधी गाणी दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर काढून घेऊ, नवीवर सगळं कोरं बसवू, मग गाणी परत आणू.

दुसरी डिस्क म्हणजे आमची पाकिटाची. इंटरनेटवर मालिका बघणं आमच्यासारख्यांना परवडत नाही. गल्लीतलं प्रत्येक घर सोमवारी आपली डिस्क यामिल्काकडे नेतं. ती जुनं पुसते आणि नव्या आठवड्याचं पाकीट भरून देते: मालिका, सिनेमे, जगभरच्या बातम्या. आमची डिस्क नेण्याचं काम एवेलियोचं. तिथे बोलावं लागत नाही, म्हणून त्याला ते आवडायचं.

रविवारी विल्फ्रेदोने गाणी त्या डिस्कवर घेतली. नीट आली का बघायला एक लावून पाहिलं. एवेलियो उठून परसात गेला. गाणं संपलं आणि जुनी डिस्क दोनदा कटकटून गप्प झाली, ती कायमची.

"गेली," विल्फ्रेदो म्हणाला. "पण सगळं हातात देऊन गेली."

मग त्याने नवी डिस्क बसवली, मेमरीची पट्टी बसवली, सगळं नव्याने भरलं. बटण दाबताच लॅपटॉप जागा झाला. मला हसूच आलं. आता फक्त गाणी परत आणायची, एवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली. "उद्या येतो," विल्फ्रेदो म्हणाला, "ती डिस्क तेवढी सांभाळा." मी ती देव्हाऱ्यात, कुमारी माउलीच्या मूर्तीमागे ठेवली. एवेलियो दारातून बघत होता.

सोमवारी मी पावाच्या रांगेतून परत आले, तर डिस्क टेबलावर होती. विल्फ्रेदोने ती जोडली. नव्या मालिका, नवे सिनेमे, काठोकाठ. तो बराच वेळ शोधत राहिला.

"नुसतं पुसलं असतं तर खटपट केली असती, मावशी," तो हळूच म्हणाला. "पण वर इतकं भरलंय. खाली काही उरलं नाही."

मला वाटलं, सोमवारच्या सवयीने एवेलियोचे पाय यामिल्काकडे वळले असतील. मेल्या सवयीच्या नावाने बोटं मोडली आणि तशीच यामिल्काच्या दारात जाऊन भांडले. दुसऱ्याचं पुसताना डोळे फुटले होते का, म्हटलं.

"मी विचारलं ना, मावशी," यामिल्का रडकुंडीला आली. "म्हटलं, काका, यात तुमच्या नावाचं काहीतरी आहे, पुसू का? त्यांनी मान डोलावली. मी परत विचारलं. त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं, हे पूस म्हणून."

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. वीज नव्हतीच. एवेलियो आंब्याखाली बसला होता, पाटी मांडीवर. मी त्याला वाट्टेल ते बोलले. ते माझं होतं, म्हटलं. मुलीचं होतं. तुला कोणी अधिकार दिला? त्याने ऐकून घेतलं. मग मान खाली घालून लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"रोज संध्याकाळी तू त्या गाणाऱ्यापाशी बसायचीस. मी इथे एकटा असायचो."

मी दोनदा वाचलं. त्याचा आवाज आठवायला गेले, साखरेचं ते वाक्य. शब्द आले, आवाज आला नाही. मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना, म्हणून शेजारी बसले.

नेहमीप्रमाणे त्याने पाटी पुसायला बाही पुढे केली. मी त्याचा हात धरला.

"एवढं तरी ठेव," म्हटलं.

त्याने पाटी तशीच मांडीवर राहू दिली. वीज आली नाही. थोड्या वेळाने अक्षरंही दिसेनाशी झाली.