बुधवारचा कागद

"ते हातमोजे आधी काढ," लॉटीबाई म्हणाल्या. "कुणाचं ऑपरेशन करायला आलायस का?"

मी पांढरे सुती हातमोजे निमूटपणे काढून खिशात कोंबले. टेबलावर माझी जाड फाइल उघडी होती आणि तिच्यातल्या सगळ्यात चांगल्या पारदर्शक पाकिटात तो कागद होता. सहा महिने ज्याच्यापायी मी बायकोचं डोकं खाल्लं, तो.

"जुना कागद आहे, घाम लागला तर डाग पडतो," मी म्हणालो.

"घाम! अरे अर्ल, हे कागद आम्ही कारखान्यात गाडीच्या सीटखाली का खुपसायचो, ठाऊक आहे? कचऱ्याचा डबा चाळीस पावलांवर होता आणि लाइन कुणासाठी थांबत नसे. नाक शिंकरलेले कागदसुद्धा त्याच स्प्रिंगांत गेलेत. तेही सापडले तर जपून ठेव हो, तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात मिरव."

हा विनोद मी किमान वीस वेळा ऐकला होता. एकविसाव्यांदाही मनापासून हसलो. तो ऐकल्याशिवाय आमची बैठक सुरू व्हायची नाही, आणि बेकरीतून आलुबुखाराचा मुरंबा भरलेले अर्धा डझन पॉन्च्की, म्हणजे पोलिश डोनट, आणल्याशिवाय लॉटीबाई चष्मा लावायच्या नाहीत. त्यांची फी तेवढीच.

लॉटी बोरोव्स्की. आमच्या गावाच्या टोकाला गाड्यांचा जो कारखाना होता, तिथं त्यांनी सव्वीस वर्षं सीट बसवल्या. लाइनवरून येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर एक कागद यायचा. इंजिन कुठलं, रंग कुठला, सीट कुठली, सगळं त्यावर. लॉटीबाईंनी तो वाचायचा, सीट ताडून बघायची, हिरव्या खडूनं खूण करायची आणि कागद सीटच्या स्प्रिंगांत खुपसून पुढच्या गाडीकडे वळायचं. त्या डावखुऱ्या. त्यामुळे त्यांची खूण उलटी, डावीकडे झुकलेली, आणि तिच्या पोटात एक ठिपका. आज कारखान्याच्या जागी गवत आहे. ऑफिसातले कागद कधीच रद्दीत गेले. राहिले ते फक्त सीटखालचे.

आणि माझ्यासारख्या वेड्यांना तोच गाडीचा जन्मदाखला. कारण साध्या 'स्टॅलियन' गाडीत मोठं इंजिन बसवायला काय लागतं? चार शनिवार आणि एक धट्टाकट्टा मेहुणा. कावळ्याला मोराची पिसं लावून विकणारे पैशाला पासरी आहेत. गाडी खोटं बोलते, कागद बोलत नाही, असं आमच्या क्लबात म्हणतात. म्हणून मग कागदच खोटे करणारेही निघाले. तेव्हापासून आमच्या भागातला कुठलाही कागद आधी लॉटीबाईंच्या टेबलावर येतो. खोटे त्यांनी पॉन्च्की खाता खाता पकडलेत. "खोटा कागद फार शहाण्या मुलासारखा असतो," त्या म्हणतात. "कुठं चुरगळ नाही, कुठं खाडाखोड नाही. आमच्या हातात असा एकतरी राहिला असता का?"

मी आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केल्या. मोठं इंजिन असलेली काळी स्टॅलियन मी सोळाव्या वर्षी एकदाच पाहिली, लाल दिव्यापाशी, आणि दिवा हिरवा झाल्यावर ती दिसली नाही. तेवढ्यावर माझी पंचेचाळीस वर्षं गेली. आता इंडियानातल्या मर्ल गॅस्टकडे तशी एक निघाली होती, कागदासकट. तो सरळ अदलाबदलीला तयार होता. माझी पिवळी स्टॅलियन, साध्या इंजिनाची, आणि वर तळ्याकाठची मासेमारीची खोली. शनिवारी चाव्या द्यायच्या ठरल्या होत्या. आज गुरुवार.

"खोली दे खुशाल," मार्लीन, माझी बायको, म्हणाली होती. "त्या तळ्यात तुला मासा कधी लागला? पण पिवळी नेशील तेव्हा मला घरात बसू दे. मला बघायचं नाही." दोन्ही मुलं दवाखान्यातून घरी आली ती पिवळीतून. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

लॉटीबाईंनी कागद पाकिटातून काढला, खिडकीकडे धरला, उलटा केला, वास घेतला.

"चुरगळ आहे," त्या म्हणाल्या.

"आहेच."

"गंजाचे डागही आहेत स्प्रिंगांचे. आणि खूण माझीच."

माझ्या छातीत बँड वाजायला लागला. मी उठून त्यांच्या कपात कॉफी ओतली, बशीतही ओतली. त्यांनी पॉन्च्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि कागदाच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला मान खाली घातली. मग चावणं थांबलं. त्यांनी बोटांची साखर ॲप्रनला पुसली, एकेक बोट करून.

"खोटा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कागद खोटा आहे. ठेवून दे."

"अहो, आत्ताच म्हणालात खूण तुमची!"

"खूण माझीच आहे. तुमच्या क्लबच्या त्या मासिकात फोटो छापला होता ना, त्यावरून उचलली कुणीतरी. छान उचलली आहे. पण एकोणीस नोव्हेंबर एकोणसत्तरला, बुधवारी, मी लाइनवर नव्हते. माझ्या जागी रूडी होता. रूडी फुली मारायचा."

मी फाइलवर हात ठेवून बसलो. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. काळी गाडी माझ्या अंगणात उभी राहिली होती, मी तिला रोज मनात धूत होतो, आणि ही बाई तोंडात पॉन्च्की धरून तिला ढकलून देत होती.

"लॉटीबाई, इतक्या वर्षांपूर्वीचा एक बुधवार तुम्हाला कसा आठवेल? काल मी किती वाजता येणार म्हणालो होतो, ते तरी आठवत होतं का?"

"ते नव्हतं आठवत."

"सव्वीस वर्षांत तीनच दिवस चुकले, तेही फ्लूनं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. फ्लूची तारीख कुणी लक्षात ठेवतं? मला शनिवारी चाव्या द्यायच्यात. तुमचं वय झालंय, गोंधळ होऊ शकतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. लॉटीबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गिऱ्हाइकानं घासाघीस केल्यावर दुकानदार मनाशी हिशेब करतो ना, तसं. मग टेबलाला हात टेकून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. शिलाई मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. खण परत लावल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळट जाड पुठ्ठ्याचा तुकडा होता. कारखान्याचं हजेरीचं कार्ड. आता कुणाला माहीत नसेल, आत जाताना आणि बाहेर पडताना ते घड्याळात घालायचं, मग घड्याळ त्यावर वेळ छापायचं. कार्ड मधोमध दुमडलेलं होतं आणि घडीवर फाटायला आलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

सोमवार, सतरा नोव्हेंबर एकोणसत्तर, सकाळी सहा चोपन्न. मंगळवार, सहा बावन्न. बुधवार कोरा. गुरुवार कोरा. शुक्रवार कोरा. तीन कोऱ्या ओळींच्या शेजारी शाईनं लिहिलं होतं, 'आजारी'. ते एका आडव्या रेघेनं खोडलं होतं. खाली त्याच अक्षरात दुसरा शब्द होता.

'मुलगी'.

"सातवा महिना होता," लॉटीबाई म्हणाल्या. "पाचव्यात घरी बसवायचे तेव्हा बायकांना. म्हणून मी नवऱ्याचा, वॉल्टचा, सैल ओव्हरऑल घालून जायचे. सीटच्या मागं उभं राहिलं की पोट दिसत नसे. आणि मी तशी आधीपासूनच गुटगुटीत."

मी कार्ड जपून टेबलावर ठेवलं.

"मंगळवारी शिफ्ट संपता संपता दुखायला लागलं. बुधवारी पहाटे झाली. त्या दिवशी माणसं दुसऱ्यांदा चंद्रावर उतरली. पहिल्या वेळची तारीख सगळ्या जगाला पाठ आहे. दुसऱ्या वेळची मलाच." त्या जराशा हसल्या. "नर्सेस टीव्हीपुढं उभ्या होत्या. मध्येच चित्र गेलं आणि सगळ्या एकदम हळहळल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच."

"आणि मुलगी?"

"तिनं श्वास घेतलाच नाही. दाखला मागायला वॉल्ट गेला, तर म्हणाले, जन्मली कुठं, दाखला कशाचा देणार? आम्ही झोफिया नाव ठेवलं होतं. ते कुणी लिहूनच घेतलं नाही."

त्यांनी कप सरळ केला, बशीतली सांडलेली कॉफी परत कपात ओतली.

"सोमवारी मी कामावर गेले. हॉवर्ड आमचा फोरमन. त्यानं कार्डावर 'आजारी' लिहून ठेवलं होतं, माझ्याच भल्यासाठी. मी म्हटलं, मी आजारी नव्हते. तो बघत राहिला. मग त्याला कळलं. दांडगा माणूस, दिवसभर आमच्यावर खेकसायचा. त्यानं ते खोडलं आणि हे लिहिलं. लिहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की ऑफिस असलं कार्ड घेणार नाही, आणि घेतलं तर माझी नोकरी जाईल. मग नवं कार्ड भरलं, हे माझ्या खिशात घातलं आणि म्हणाला, लॉटी, कुणी विचारलं तर फ्लू सांग. तेव्हापासून फ्लू."

"तुमच्या मुलाला, ग्रेगला...?"

"नाही. तो नंतर तीन वर्षांनी झाला. त्याला कशाला? वॉल्टला माहीत होतं, हॉवर्डला माहीत होतं. दोघंही गेले." त्यांनी पॉन्च्कीचं खोकं माझ्याकडे सरकवलं. "आता तुला माहीत आहे. त्या इंडियानावाल्याला तू तुझी पिवळी देऊन बसशील, म्हणून दाखवलं. खा."

मी खाल्लं.

मग बाहेर पायरीवर जाऊन मी मर्ल गॅस्टला फोन केला आणि शनिवारचं मोडलं. त्यानं कारण विचारलं. "कागद खोटा आहे," मी म्हणालो. "कोण म्हणतं?" म्हणे. "जिची खूण चोरलीय, ती," मी म्हणालो. त्यावर तो तासभर शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं नुसता फोन ठेवला. त्यालाही कुणीतरी फसवलं असेल, किंवा नसेल. मग मार्लीनला लावला.

"म्हणजे पिवळी राहिली?" तिनं विचारलं.

"राहिली."

पलीकडून नाक ओढल्यासारखा एक आवाज आला. "येताना दूध आण," ती म्हणाली.

पिवळी समोरच उभी होती. मागच्या चाकावरचा पत्रा जरा गंजलाय, तो या उन्हाळ्यात करायला हवा. पंचेचाळीस वर्षं जे हवं होतं ते हातातून गेलं होतं, आणि मला गंमत वाटत होती, कारण मला भूक लागली होती आणि बरं वाटत होतं.

आत आलो तर लॉटीबाई कप विसळत होत्या. कार्ड टेबलावर होतं, साखरेच्या कणांत, घडी उघडी.

आम्ही जुन्या वस्तू जमवणारे लोक फार गोष्टींत अडाणी असतो, पण एक गोष्ट आम्हाला कळते. अस्सल कागद कसा दिसतो. ऑफिसनं न घेतलेला. एका माणसाच्या हातचा. आधी चुकीचं लिहून मग खोडलेला. मी शेकडो कागद हाताळले असतील, इतका अस्सल कागद माझ्या हातात कधी आला नव्हता.

"लॉटीबाई, हे घडी घालून ठेवू नका. अजून दोन वर्षांत दोन तुकडे होतील."

"मग काय करू?"

"हे पाकीट साधं प्लास्टिक नाही. यात कागद पिवळा पडत नाही, चिकटत नाही. मी कार्ड यात घालू का?"

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गॅस्टचा तो सुंदर खोटा कागद उचलला, टेबलावरची साखर त्याच्यावर गोळा केली, चुरगळला आणि ओट्याशेजारच्या डब्यात टाकला. "आता डबा जवळ आहे," त्या म्हणाल्या.

मी खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि चढवले. या वेळी लॉटीबाई काही बोलल्या नाहीत. ओले हात ॲप्रनमध्ये धरून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि कार्ड पूर्ण आत जाईपर्यंत तशाच उभ्या होत्या.